पाणी मागं काढा, पाव्हणं!

सकाळचे नऊ वाजले होते. गारगोटीबाहेरच्या माळावर नवी वसाहत झालीय ना, तिथं रघुनाथ डोंगरे यांच्या फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. व्याही उतरला. न कळवता! आणि त्याच वेळी घराच्या दुसऱ्या अंगाला, अंगणात, घोट्याच्या वर पाणी उभं होतं.

घटना एवढीच. बाकी सगळा घोळ!

मंडळी, ऐका. घोळात शिरायच्या आधी एक प्रश्न टाकतो. आपल्याच माणसानं आपलं काम केलं. मनापासून केलं. आणि ते फसलं! आता त्याला तोंडावर सांगावं — की पोटात ठेवावं? सांगावं तर माणूस दुखावतो. न सांगावं तर घर भिजतं! काय करावं? अहो, माना डोलवू नका, उत्तर द्या! बघा — मघाशी गजराला सगळ्यांचे आवाज होते, आता एकाचाही नाही!

परका कंत्राटदार असता तर प्रश्नच नव्हता. आपण त्याला फोन करतो, तो उचलत नाही. आपण शिव्या देतो, त्या त्याला ऐकू जात नाहीत. सगळं कसं सुरळीत चालतं! पण कंत्राटदार व्याही निघाला तर? ज्याच्या घरात आपली पोर नांदतेय, तो? पेटीवाले हसले बघा. त्यांना दोन मुली आहेत, त्यांना कळलं!

नावं मी बदलली आहेत. पाणी बदललेलं नाही. ज्यांच्या घरचं हे आख्यान, त्यांच्या परवानगीनं सांगतो आहे. मला जेवढं त्यांनी सांगितलं तेवढंच सांगणार; जे त्यांनाच माहीत नाही, ते मीही सांगणार नाही.

तर रघुनाथ डोंगरे. सगळे म्हणतात रघूनाना. उभा जन्म एसटीत कंडक्टर. गारगोटी–कोल्हापूर, कोल्हापूर–गारगोटी. आयुष्यात एकच मंत्र जपला — "मागं सरका, मागं जागा हाय!" घंटीची दोरी ओढून एक टोला दिला की गाडी थांबायची, दोन दिले की सुटायची. असा सरळ संसार! निवृत्त झाले आणि माळावर घर बांधलं. पत्नी शेवंताबाई. त्यांची एकच अट — घराचं तोंड पूर्वेला पाहिजे. उगवत्या सूर्याला दार, दारापुढं तुळस, तुळशीपुढं अंगण. आता प्लॉट कसा मिळाला? रस्ता पश्चिमेला! म्हणजे फाटक पश्चिमेला, गटार पश्चिमेला, आल्यागेल्याचं दार पश्चिमेला. आणि थोरलं दार, तुळस, अंगण पूर्वेला, आतल्या बाजूला. एवढं ध्यानात ठेवा. माझं आख्यान या दोन दारांमधून ये-जा करणार आहे!

लेक स्नेहल. गेल्या मार्गशीर्षात लग्न झालं. सासरे जोतीराम इंगवले, गाव मुरगूड. धंदा काय? फरशी, बाग, गटारं — बंगल्याच्या बाहेरचं जे जे म्हणून, ते सगळं. माणूस लाख! लग्नात एका शब्दानं अडवलं नाही. उलट रुखवतातलं पितळी घंगाळ स्वतः उचलून टेम्पोत ठेवलं. चैत्रात ते नानांकडं आले, घराभोवतीची मोकळी माती बघितली आणि म्हणाले, "पाव्हणं, ही काय अवस्था! मी करून देतो की. माझ्या सुनेचं माहेर हाय हे!"

नाना खूश. चौफेर पेव्हर ब्लॉक घालायचे ठरले, मधे हिरवळ, कडेनं झाडं, पावसाच्या पाण्याला ढाळ आणि जमिनीखालून पाइप. नाना झोपाळ्यावर बसले होते. बसल्या बसल्या त्यांनी एकच सूचना दिली. आख्खं आख्यान त्या एका सूचनेवर उभं आहे, तेव्हा कान द्या!

"पाव्हणं, बाकी तुमच्या मनासारखं करा. पाणी तेवढं मागं काढा. पुढं नको."

"मागंच काढतो!" जोतीराम म्हणाले. "पुढं कोण काढतंय?"

झालं. करार संपला! आपल्याकडं व्याह्याच्या कामाशेजारी उभं राहून बघायचं नसतं. का? तो म्हणेल, विश्वास नाही! म्हणून नाना काम चालू असताना मुद्दाम तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. आणि कोरड्या फरशीचा ढाळ डोळ्याला दिसत नाही, मंडळी. तो पाण्यालाच दिसतो. वैशाखात सगळं झकास होतं. हिरवळ अशी, की शेजारची म्हैस फाटकातून बघून उसासे टाकायची! सुपारीसारखी दिसणारी झाडं लावली होती. शेवंताबाईंनी विचारलं, "सुपारी कवा लागंल ओ?" जोतीराम म्हणाले, "विहीणबाई, ही न लागणारी सुपारी हाय. शोभेची."  न लागणारी सुपारी विकत घेऊन लावायची, हे शेवंताबाईंना अजूनही पचलेलं नाही!

मग पाऊस आला. आपल्या भागातला पाऊस तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगू! आणि पाणी वळलं. कुठं? पश्चिमेच्या गटाराकडं? छे! सगळ्या छपराचं, सगळ्या फरशीचं पाणी शिस्तीत, रांग लावून, पूर्वेला निघालं. थोरल्या दाराकडं. तुळशीकडं! तिथं येऊन थांबलं. लोखंडी जाळी बसवलेली होती, त्या जाळीतून पाणी आत जायचं, थोडा वेळ गुळगुळ करायचं आणि पुन्हा वर यायचं. नानांचं डोकं चालेना. हिरवळ कुजली. तिचा वास माजघरापर्यंत. पेव्हर ब्लॉक खचले — एकावर पाय दिला की दुसरा वर! एके सकाळी उंबऱ्याच्या आत बेडूक. शेवंताबाईंनी त्याला सुपात घालून बाहेर नेला, तो त्यांच्या आधी परत आला!

आता इथं माणूस काय करतो? फोन करतो. बरोबर? नानांनी काय केलं? फोन आला, तो उचलला.

"काय पाव्हणं," तिकडून जोतीराम, "पावसात अंगण कसं काय?"

"झकास!" नाना म्हणाले. पायात पाणी, हातात बादली — आणि म्हणाले झकास!

फोन ठेवला. शेवंताबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "काय झकास? बेडकाला दुसरं पिल्लू झालं, ते?"

"अगं, पोर तिथं हाय."

"म्हणून?"

"म्हणून काय म्हणून! मी त्यांच्या कामाला नाव ठेवलं, की ते घरात बोलणार. घरात बोलले की तिच्या कानावर पडणार. 'तुझ्या बापाला माझं काम पसंत न्हाई.' उद्या भाजीत मीठ जास्त पडलं, तर त्याला हे पाणी जोडलं जाणार. आणि गौरी तोंडावर आल्या. लग्नानंतरची पहिली गौर. पाठवायची की न्हाई, ते त्यांच्या हातात."

मंडळी, हे खरं नानांचं दुखणं. फरशी गेली खड्ड्यात! पोर गौरीला येणार की नाही, एवढाच प्रश्न. आणि त्या एका प्रश्नापायी माणूस आठवड्यामागून आठवडे पाण्यात उभा राहून "झकास" म्हणत होता. आतून मात्र सारखा चक्रावलेला. जोतीरामसारखा कसबी माणूस — त्याला मी मागं काढा म्हणालो, त्यानं पुढं कसं काढलं? ऐकलं नाही? की मुद्दाम? मुद्दाम कशाला करेल? लग्नात काही राहिलं का? मानपानात काही कमी पडलं? नाना रात्रंदिवस लग्न आठवायचे. आहेराचा फेटा बरा नव्हता का? पंगतीला वेळ लागला होता, ते मनात ठेवलं का? एका चुकलेल्या ढाळावरून माणूस पार वरातीपर्यंत मागं गेला!

हसू नका. तुम्ही जात नाही? जाऊबाई दारावरून न बोलता गेली, तर तुम्ही कुठपर्यंत जाता?

म्हणा माझ्याबरोबर —

*बोल एक, कान दोन । अर्थ निघाले मात्र तीन ॥*
*पाणी पुसेना कुणाला । ढाळ दिसे, धावे त्याला ॥*

टाळ जरा हळू. आता मंगळवारची सकाळ.

फाटकाशी मोटारसायकल. जोतीराम उतरले. डोक्यावर टोपी, अंगावर रेनकोट, पिशवीत पेढे. नाना पश्चिमेच्या दारात धावले.  का आला असेल? गौरीचं सांगायला? आणि पूर्वेला घोटाभर पाणी! आता ह्याला तिकडं जाऊ द्यायचं नाही. काही झालं तरी नाही!

"या पाव्हणं, या! बसा. इथंच बसा. चहा टाक गं!"

जोतीराम बसले नाहीत. कारागीर माणूस. आपलं काम समोर असताना तो बसत नाही. ते फाटकापासून भिंतीपर्यंत फिरले. फरशीवर बूट आपटून बघितला. वाकले. बोट टेकवलं. आणि अभिमानानं म्हणाले —

"बघा पाव्हणं! एवढा पाऊस झाला, पण पुढं थेंबभर पाणी न्हाई!"

नाना थक्क! पुढं पाणी नाही? अहो, पुढंच तर आहे! हा थट्टा करतोय का? की ह्याला सगळं ठाऊक आहे आणि हा मला बोलतं करतोय?

"न्हाई… तसं…" नाना म्हणाले. "झकासच हाय."

"मग! पुढचं कोरडं ठक्क पाहिजे, अशीच तुमची सूचना होती."

चहा घेऊन शेवंताबाई आल्या होत्या. त्यांनी कपबशी खाली ठेवली. बाईमाणसाचा संयम मोठा असतो, मंडळी, पण त्यालाही तळ असतो!

"पाव्हणं, राग मानू नका. पुढं बेडूक पोहायला लागलेत!"

"कुठं?" जोतीरामांनी वळून बघितलं.

"पुढं!"

"विहीणबाई, पुढनंच तर मी आलो आत्ता. एक बेडूक न्हाई."

"तुम्ही पुढनं कुठं आलात? तुम्ही मागनं आलात!"



कळलं काय झालं ते? ज्यांना कळलं त्यांनी शेजारच्याला सांगा. मुलाच्या बापाला, पहिल्या वर्षाच्या व्याह्याला, शेवंताबाई काय म्हणाल्या? तुम्ही मागल्या दारानं आलात! आपल्याकडं मागल्या दारानं कोण येतं, हे मी देवळात बसून सांगायला नको!

जोतीरामांच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. "मागनं?" ते हळू आवाजात म्हणाले. "मी मागल्या दारानं आलो?"

"तसं न्हाई पाव्हणं —" नाना.

"तसं न्हाई कसं? सोयरीक जमवायला आलो, ते ह्याच दारानं. सुपारी फोडली, ह्याच दारानं. तुमच्या लेकीला ओवाळून नेली तीबी ह्याच दारानं! आणि हे मागचं? म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्ही मला मागल्या दारानं घेताय?"

 ज्या संकटाला भिऊन नानांनी एवढे दिवस झकास झकास केलं, ते आलं! आणि आलं ते पाण्याच्या वाटेनं नाही, दाराच्या वाटेनं आलं!  एसटीत कसं सोपं असतं — ड्रायव्हर जिकडं तोंड करून बसला ते पुढं! घराला ड्रायव्हर कुठं असतो?

शेवंताबाई मात्र डगमगल्या नाहीत. "पाव्हणं, चला माझ्याबरोबर," म्हणाल्या. आणि नाना हातानं नको नको करत असताना त्यांनी व्याह्याला माजघरातून आरपार नेलं आणि थोरलं दार उघडलं.

पाणी! तुळशीवृंदावनाच्या कठड्याला लागलेलं पाणी. वर हिरवळीचे कुजके पुंजके तरंगतायत. न लागणारी सुपारी कलंडलेली.



"हे पुढचं दार," शेवंताबाई म्हणाल्या. "गौर पाणवठ्यावरनं येते, ती ह्या दारानं आत येते. तिची पावलं ह्या उंबऱ्यापासनं काढायची. ज्या दारानं गौर येते ते पुढचं. दुसरं कसलं पुढचं?"

"आणि रस्ता?" जोतीराम म्हणाले.

"रस्ता रस्त्याच्या जागी."

"अहो विहीणबाई, आमच्या धंद्यात रस्ता जिकडं, ते पुढं! बंगल्याला रस्त्याकडनं बघायचं, डोळ्यापुढं येतं ते पुढचं, पाठीला जातं ते मागचं. पाव्हणं म्हणाले, पाणी मागं काढा. मी इकडं काढलं!"

"मी म्हणालो मागं," नाना पुटपुटले, "म्हणजे रस्त्याकडं. गटारात."

"रस्त्याकडं म्हणजे पुढं!"

"पुढं म्हणजे तुळस!"

"तुळस म्हणजे मागं!"

 आणि मग जोतीराम हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून! नानाही हसले. शेवंताबाई म्हणाल्या, "हसा आता! दोन शहाणे, आणि पाणी माझ्या उंबऱ्याला!" दोष कुणाचा? कुणाचाच नाही! ऐकणारा खरा, सांगणारा खरा! मानपान? काही नाही! आहेराचा फेटा? कुणाच्या ध्यानातही नाही! नानांच्या छातीवरचा धोंडा उतरला. पेढे फुटले. जोतीराम पहिला पेढा शेवंताबाईंना देत म्हणाले, "आजपासनं मी ह्या दारानं येणार. पाण्यातनं आलो तरी चालंल!"

वा! आख्यान संपलं. आरती लावायची?

थांबा! बसा खाली. इथं संपलं असतं तर मी ते तुम्हाला सांगायला कशाला आलो असतो? इथं संपतं ते गोड बोलणं. खरं बोलणं अजून सुरू व्हायचं आहे!

चहा प्याला गेला. जोतीराम म्हणाले, "उताराचं मी बघतो, फरशी उचलून पुन्हा बसवू. गौरीचं म्हणाल, तर त्यासाठीच आलो होतो —"

आणि नानांचं लक्ष त्या जाळीकडं गेलं.

पाणी आत जातंय. गुळगुळ. पुन्हा वर.

नानांच्या मनात लख्ख प्रश्न आला. मंडळी, तुमच्याही आला पाहिजे! पाणी पूर्वेला आलं, ते शब्दाच्या चुकीनं. कबूल! पण पूर्वेला आलेलं पाणी तिथं थांबलं का? जोतीरामांच्या हिशेबानं ते मागं होतं ना? मग मागच्या जाळीतून, पाइपातून, कुंपणाखालून, पलीकडच्या माळावरल्या ओघळीला निघून जायला नको होतं? मागं म्हणा, पुढं म्हणा — पाणी निघायला तर पाहिजे! ते निघत नाही. म्हणजे पाइप चुकलाय. तो शब्दानं चुकलेला नाही, कामानं चुकलाय!

आता सांगा! काय करावं नानांनी? सगळं मिटलंय. व्याही हसलाय. पेढा तोंडात आहे. तोंडून गौरीचा विषय निघालाय, पुढचं वाक्य "घेऊन जा पोरीला" असंच असणार. आणि ह्या घटकेला म्हणायचं — पाव्हणं, तुमचं काम खोटं आहे? अहो, आयती पळवाट मिळाली होती! सगळी चूक "मागं" या शब्दावर टाकायची आणि मोकळं व्हायचं. शब्द थोडाच रुसून बसतो?

नाना जन्मभर टोले देत आले. त्या क्षणी दोरी हातात होती, आणि एक द्यावा की दोन, ते कळेना. थांबावं? सुटावं?

"पाव्हणं," नाना म्हणाले.  "एक विचारू? राग मानणार न्हाई?"

"विचारा की."

"हा पाइप… ओघळीला निघतोय नव्हं?"

जोतीरामांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी जाळीकडं बघितलं.  मग रेनकोट काढला, पॅन्ट वर केली आणि पाण्यात उतरले. हात जाळीत घातला, कोपरापर्यंत. बाहेर काढला. कुंपणाच्या पलीकडं गेले, ओघळीच्या काठानं वाकून फिरले. परत आले.

"तोंड दिसंना," म्हणाले.

"कशाचं?"

"पाइपाचं. ओघळीत तोंड निघायला पाहिजे. न्हाई दिसत."

"माती आली असंल वर."

"असंल." जोतीराम तिथंच बसले, उंबऱ्यावर. "ज्या दिवशी पाइप टाकला, त्या दिवशी मी हितं नव्हतो, पाव्हणं. गड्यांना खुणा करून दिल्या आणि गेलो. पुढचं बघितलं न्हाई. वर फरशी बसली आणि मी विसरलो."

नानांना क्षणभर राग आला. खरं सांगतो, आला! आम्ही पाण्यात, आणि हा म्हणतो नव्हतो! "कुठं होता मग?"

जोतीराम शेवंताबाईंकडं बघेनात. शेवंताबाईंकडं बघेनात.

"कोल्हापूरला. दवाखान्यात," ते म्हणाले. "स्नेहलला घेऊन. ताप उतरत नव्हता. पोरगा कामावर पुण्याला. मग मीच नेली. तीन दिवस तिथंच होतो तिच्यापाशी. आता बरी हाय, अगदी बरी. पण ती म्हणाली, आईला सांगू नका, आई घाबरंल. म्हणून सांगितलं न्हाई."

बघा मंडळी! इकडचा बाप पाणी लपवतोय — पोरीला त्रास नको म्हणून. तिकडचा सासरा ताप लपवतोय — आईला त्रास नको म्हणून. आणि मधे पोर फोनवर दोघांना सांगतेय, सगळं झकास! तिन्ही माणसं सोन्यासारखी. तिघंही खोटं बोलतायत!

शेवंताबाईंच्या डोळ्याला पाणी. पण तोंडातून काय निघालं? "दवाखान्यात ठेवली, आणि तिच्या आईला कळवलं न्हाई?"

"विहीणबाई —"

"एक फोन न्हाई? मी हितं तुमच्या गड्यांना चहा करत बसले, आणि माझी पोर तिथं सलाइन लावून?"

ही रागावली आहे की उपकार मानते आहे, ते नानांना कळेना. त्यांना स्वतःचंही कळेना! ज्या दिवशी हा माणूस माझ्या पोरीच्या उशाशी बसला होता, त्याच दिवशी माझ्या अंगणातलं काम बिघडलं. आता ह्याला मी काय म्हणू? काम खोटं केलंस म्हणू, की पोर राखलीस म्हणू? दोन्ही खरं! आणि दोन्ही एका तोंडानं कसं म्हणायचं?

 नानांनी बादली आणली.

जोतीराम उठले. "पाव्हणं, घरात गुलाल हाय?"

गणपतीसाठी आणून ठेवला होता. पुडी फोडली. बादलीत कालवला. लालभडक पाणी! जोतीराम म्हणाले, "हे जाळीत ओततो. जिथं लाल पाणी निघंल, तिथं पाइपाचं तोंड. मग कळंल माझ्या गड्यांनी काय केलंय ते." आणि ओतलं. गुळगुळ झालं. पाणी आत गेलं.

आता मला सांगा, या आख्यानाचं उत्तर काय? सांगावं की पोटात ठेवावं? नानांनी आधी पोटात ठेवलं, तर हिरवळ कुजली आणि मनात लग्नाचे फेटे कुजले. शेवंताबाईंनी बोलून टाकलं, तर दार चुकल्याचं कळलं. नानांनी विचारलं, तर पाइप चुकल्याचं कळलं आणि पोरीचा ताप कळला. म्हणजे बोलावं! एवढं मी या व्यासपीठावरून सांगू शकतो. बोलल्यानं सगळं गोड होतं का? ते मात्र मी सांगणार नाही. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचं सोंग देवासमोर आणत नाही!

आणि आता वळतो तुमच्याकडं. हो, तुमच्याकडंच! मागं भिंतीला टेकून बसलात ते तुम्हीसुद्धा. तुमच्या घरात कुठं पाणी मुरतंय? भाऊ विचारतो, शेतातल्या बांधाचं कसं काय? तुम्ही म्हणता, झकास! सून विचारते, आई, जेवण बरं झालं का? झकास! आणि मग रात्री कूस बदलत वरातीपर्यंत मागं जाता. अहो, ज्याच्यावर राग धरलाय, त्याला एकदा विचारा तरी — बाबा रे, तू "पुढं" कशाला म्हणतोस? तो वेगळ्याच रस्त्यानं आला असेल तुमच्या घरात! आणि विचारल्यावर समजा त्याची चूक खरीच निघाली, तर तेव्हाही विचारा. तेव्हा तर विचाराच! फक्त त्याच्या उत्तरात आपलंही काही निघेल, याची तयारी ठेवा. आहे तयारी? हात वर करू नका. घरी जा, आणि त्या माणसासमोर करा!

हात जोडा. नाम घ्या. आवाज जाळीत अडकल्यासारखा नको, मोकळा निघू दे!

आणि उठण्याआधी, मंडळी, शेवटचं जेवढं ठाऊक आहे तेवढं. आज दुपारी नानांचा फोन आला होता. दुसरी पुडी संपली. लाल पाणी ओघळीला आलेलं नाही. रस्त्याच्या गटाराला आलेलं नाही. शेजाऱ्यांच्या परसात बघितलं, तिथंही नाही. जोतीराम काल रात्री घरी गेले आणि आज पहाटे पहार घेऊन परत आले, थोरल्या दारानं. कुंपणाशी खणायला लागलेत. शेवंताबाईंनी त्यांना जेवायला वाढलं, पण बोलल्या नाहीत. स्नेहलनं आईला फोन केला; आईनं उचलला, आणि दोघी बराच वेळ नुसत्या रडल्या. गौरीला येणार का, हे नानांनी विचारलेलं नाही. जोतीरामांनीही मंगळवारी अर्धं राहिलेलं वाक्य अजून पुरं केलेलं नाही.

गुलाल जाळीतून आत गेला आहे. बाहेर कुठं निघाला, ते कुणालाच दिसलेलं नाही.